संत बहिणाबाई : कथा ऐकणारी मुलगी

पिंपरी-चिंचवडकडून चाकणच्या कारखान्यांकडे जाणारा रस्ता मोशीच्या पुढे इंद्रायणी नदी ओलांडतो. त्या पुलावरून आपल्या विद्यार्थ्यांचे वडीलधारे रोज कामास जातात व येतात. याच नदीच्या वरच्या अंगास देहू आहे आणि खालच्या अंगास आळंदी. देहू म्हटले की तुकाराम महाराज आणि आळंदी म्हटले की ज्ञानेश्वर महाराज, एवढे तर आपल्याकडील लहान मुलासही न शिकविता ठाऊक असते. परंतु तुकाराम महाराजांच्या हयातीत एक ब्राह्मणाची पोर, जिला शाळा ठाऊक नव्हती, जिचे लग्न खेळण्याच्या वयातच होऊन गेले होते, अशी एक मुलगी केवळ कानांनी ऐकलेल्या हरिकथेच्या ओढीने कोल्हापुराहून या इंद्रायणीच्या काठी आली आणि येथेच तिला स्वतःची कविता सापडली, ही गोष्ट थोड्यांच्याच कानांवर गेलेली असते. म्हणून यंदाच्या अंकात तिचे चरित्र सांगावयाचे योजिले आहे.

आरंभीच एक खुलासा करणे बरे. आपल्या क्रमिक पुस्तकांत जिच्या ओव्या येतात ती खानदेशातील शेतकरीण बहिणाबाई चौधरी निराळी. तिचा काळ इ. स. १८८० ते १९५१. येथे ज्या बहिणाबाईविषयी लिहावयाचे आहे तिचा जन्म त्याआधी अडीचशे वर्षांपूर्वीचा, म्हणजे इ. स. १६२८ मधील. दोघींचे नाव एक, दोघीही मराठी कवितेचे भूषण, म्हणून विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो व तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून शिक्षकांच्या दृष्टीस पडतो.

वेरूळच्या लेण्यांपासून फार दूर नसलेले देवगाव हे तिचे जन्मगाव. पूर्वीच्या औरंगाबाद व आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड तालुक्यात ते आहे. त्यास देवगाव रंगारी असे म्हणतात. वडील आऊजी हे गावचे कुलकर्णी होते आणि आईचे नाव जानकी. हे त्यांचे पहिलेच अपत्य आणि तेही पुष्कळ नवसासायासांनंतर झालेले, त्यामुळे मुलगी झाली म्हणून कोणी तोंड वाकडे केले नाही, उलट तिचे पाऊल शुभ मानिले गेले. बरोबरीच्या मुली भातुकली मांडीत तेव्हा ही देवाचे नाव घेत खेळे, असे तिने पुढे स्वतःच लिहून ठेविले आहे.

परंतु कोडकौतुकाचे दिवस फार टिकले नाहीत. ज्या वयात आज आपण मुलास शिशुवर्गात घालावे की आणखी एक वर्ष थांबावे याचा विचार करितो, त्या वयात तिचे लग्न झाले. वर शिऊर गावच्या पाठक घराण्यातील, वेदशास्त्र जाणणारा, परंतु बिजवर आणि तीस वर्षांचा. तिने आपल्या या पतीचे वर्णन गुणी व विद्वान माणूस असेच केले आहे, आणि पुढे त्याच्या हातून जे झाले तेही लपविले नाही. त्या काळी अशा विवाहांत कोणास काही वावगे वाटत नसे. आपणास ते वाटते, आणि वाटावे हेच योग्य.

मुलगी नऊ वर्षांची झाली तोच भाऊबंदकीचा तंटा उभा राहिला. आऊजींस गावात राहणे अशक्य झाले आणि आईबाप, मुले व जावई असे सारे कुटुंब घरदार सोडून बाहेर पडले. गोदावरीच्या काठाने यात्रेकरूंच्या मेळ्यातून ते चालले. कुलकर्ण्याच्या घरची माणसे दारोदार कोरान्न मागू लागली. वाटेत पंढरपूर लागले. चालून दमलेल्या त्या लहान मुलीने विठ्ठलाची मूर्ती तेथे प्रथम पाहिली आणि तेथून तिचा पाय निघेना. पण भुकेल्या कुटुंबास तीर्थक्षेत्री किती दिवस राहता येणार? पुढे शिंगणापूर, रहिमतपूर असे मुक्काम करीत करीत, मुलगी अकरा वर्षांची असता, ही मंडळी कोल्हापुरास येऊन पोहोचली आणि एका वेदपाठी ब्राह्मणाच्या घरी आश्रयास राहिली.

आमच्या मते बहिणाबाईच्या आयुष्याचे खरे दार येथे उघडते, तेव्हा येथे थोडे थांबावयास हरकत नाही.

त्या काळचे कोल्हापूर म्हणजे देवीचे मोठे क्षेत्र. पुराणिक पुराण सांगत, हरिदास कीर्तन करीत. आज आपणास शाळा आहे, वाचनालय आहे, आकाशवाणी, दूरदर्शन व हातातील भ्रमणध्वनी आहे. तेव्हाच्या मुलीस यांपैकी काहीच नव्हते. होते ते फक्त कीर्तन. हरिदास उभा राही, मागे टाळ-मृदंग वाजे, आधी एखाद्या अभंगाचे निरूपण होई आणि मग एखादे आख्यान रंगे. आख्यान ऐकताना श्रोत्यांच्या डोळ्यांतून पाणी येई आणि मुले तर आईच्या मांडीवर डोके ठेवूनही झोपेस जागा देत नसत. अक्षर न ओळखणारीस सुद्धा तेथे भाषा मिळे, छंद मिळे, उपमा-दृष्टान्त मिळत. बहिणाबाईची शाळा ती हीच.

भागवतातील कथा म्हटल्या म्हणजे गोकुळ आले, यमुना आली, गाई आल्या आणि वासरे आली. अशा कथा ऐकणाऱ्या मुलीस दारात बांधलेले वासरू नुसते जनावर कसे वाटावे? योगायोग असा की, त्याच सुमारास तिच्या पतीस एक गाय दान मिळाली आणि त्या गाईचे वासरू या मुलीच्या मागोमाग फिरू लागले. तिने पाणी पाजावे तेव्हा त्याने प्यावे, तिने चारावे तेव्हा खावे. ती पाण्यास निघाली की वासरू निघे, ती कथेस निघाली की वासरू तिच्याबरोबर कथेस जाई, ती बसली की शेजारी बसे. लोक हसत. परक्या गावात आलेल्या, बरोबरीच्या मैत्रिणी मागे राहिलेल्या, संसाराचा भार अकाली डोक्यावर आलेल्या पोरीस एक मुका सोबती मिळाला होता, हे हसणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.

त्या वेळी जयराम स्वामी वडगावकर यांची कीर्तने कोल्हापुरास होत असत. स्वामींची योग्यता मोठी. समर्थ रामदासांबरोबर ज्या चार सत्पुरुषांची नावे घेण्याचा प्रघात आहे त्यांपैकी ते एक. या कीर्तनांत देहूच्या तुकोबांचे अभंग गाइले जात. एका रात्री दाटी फार झाली तेव्हा कोणी वासरास बाहेर काढिले. बाहेर ते हंबरू लागले आणि आत ही मुलगी रडू लागली. स्वामींनी चौकशी केली, वासरास आत आणविले आणि दोघांच्याही मस्तकांवरून हात फिरविला. श्रेष्ठ पुरुषाने भर सभेत एका पोरीस आणि एका वासरास सारखेच मानिले, याचे लोकांस नवल वाटले.

ही वार्ता पतीच्या कानी गेली आणि तो संतापला. त्याने तिचे केस धरून तिला मारिले व घरात बांधून ठेविले. घरमालकाने समजावून पाहिले, उपयोग झाला नाही. इकडे गाईने व वासराने वैरणीस तोंड लावणे सोडिले. थोड्याच दिवसांत वासरू मेले. या वासराविषयी चमत्काराच्या काही गोष्टी परंपरेने सांगतात, त्या सांगण्याचा मोह आम्ही टाळितो. एका मुलीच्या मांडीजवळ तिचा एकुलता एक सोबती प्राण सोडतो आणि ती मूर्च्छित होऊन पडते, एवढे पुरे आहे.

कित्येक दिवस तिला शुद्ध नव्हती. त्या अवस्थेत तिला प्रथम विठ्ठलाचे व मग तुकोबांचे दर्शन झाले. तुकोबांस तिने कधी पाहिले नव्हते. फक्त त्यांचे अभंग ऐकिले होते. स्वप्नात त्यांनी तिला मंत्र दिला, ती तिथी कार्तिक वद्य पंचमी व वार रविवार होता, असे ती सांगते. संवत्सर कोणते ते न सांगता वार मात्र सांगते, ही गोष्ट मोठी मनोवेधक आहे. लहानपणीचा अतिशय आनंदाचा दिवस आठवताना आपण सर्वच जण असेच करितो.

त्या दिवसापासून तिने तुकोबांस गुरू मानिले. कोणी म्हणाले पोरीस वेड लागले, कोणी म्हणाले ही संत आहे, आणि तिला पाहावयास लोक येऊ लागले. पतीस दोन्ही गोष्टी असह्य होत्या. आपण वेदसंपन्न ब्राह्मण असता आपल्या बायकोने एका शूद्र वाण्याच्या नावाचा जप करावा, आणि लोकांनी आपणास सोडून तिच्या दर्शनास यावे! त्याने तिला पुन्हा मारिले, गोठ्यात कोंडिले आणि शेवटी गरोदर पत्नीस सोडून तीर्थाटनास निघून जाण्याचा निश्चय केला. निघावयाच्या दिवशीच त्यास दाहज्वराने गाठले. महिनाभर तो अंथरुणास खिळून होता आणि त्या सर्व काळात उशाशी बसून शुश्रूषा करणारी तीच होती. दुखणे उतरले तेव्हा त्याचा अहंकारही उतरला होता, आणि देहूस जाण्यास तो राजी झाला. या ठिकाणी बहिणाबाई पतिसेवेची थोरवी वर्णिते आणि आपणाकडूनच कमी पडले असे मानिते. तिच्या काळास धरून ते ठीक. आजच्या वाचकास मात्र अपराध कोणाचा हे वेगळे सांगावे लागू नये.

कोल्हापूर ते देहू ही वाट दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. ती संपवून हे कुटुंब इंद्रायणीवर आले. बहिणेने प्रत्यक्ष तुकोबांस पाहिले, आणि ते स्वप्नात दिसले होते तसेच होते अशी तिने ग्वाही दिली आहे. तुकोबा देवळात टाळ घेऊन उभे आहेत, कथा करीत आहेत आणि ही तरुण मुलगी समोर बसून ऐकत आहे, असे हे दृश्य. तुकोबांची चरित्रे पुढे पुष्कळ झाली. परंतु महिपतीबुवांनी अठराव्या शतकात जे लिहिले ते परंपरेने ऐकलेले. बहिणाबाईने लिहिले ते डोळ्यांनी पाहिलेले. इतिहासाच्या दृष्टीने या एका गोष्टीचे मोल फार आहे.

देहूत सुख मिळाले असे मात्र नाही. तेथील मंबाजी गोसाव्याने तिला आपली शिष्या हो म्हणून आग्रह केला. तुकोबांस सोडून दुसरा गुरू करणार नाही, असे तिने सांगताच त्याचा क्रोध अनावर झाला. ब्राह्मणाच्या स्त्रीने शूद्रास गुरू केले, यांस वाळीत टाकावे, अशी त्याने उठावणी केली आणि पुण्यास आपाजी गोसाव्यांकडे तक्रारीचे पत्रही धाडिले. या कुटुंबाची गाय त्याने डांबून ठेवून मारिली. त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, अशी कथा आहे. गाय पुन्हा सापडली तेव्हा बहिणेस कोल्हापूरचे ते वासरू आठवले नसेल काय?

याच देहूत तिला कन्या झाली. तिचे नाव काशी. परंतु चहूकडून होणारा छळ, पाठीशी कोणी नाही, पदरी तान्हे मूल आणि आपला देह स्त्रीचा म्हणून वेद ऐकण्याचा अधिकार नाही, या सर्वांचे दुःख एके दिवशी इतके दाटले की जगणेच तिला नकोसे झाले. त्या काळोखात तिला पुन्हा तुकोबांचे दर्शन झाले. त्यांनी तिला धीर दिला आणि कवित्व करण्याची आज्ञा केली. ती इंद्रायणीत स्नान करून देवळात आली, विठ्ठलासमोर बसली आणि शब्दांस भरती आली. तोवर ती दुसऱ्यांच्या तोंडची कथा व दुसऱ्यांचे अभंग ऐकत आली होती. आता तिच्या तोंडून तिचे स्वतःचे अभंग निघू लागले. पहिले अभंग तिने विठ्ठलासच वाहिले.

आता मात्र तिला बहिणा न म्हणता बहिणाबाई म्हणावयास हवे, आणि क्रियापदही आदरार्थी वापरावयास हवे.

बहिणाबाईंनी काय लिहिले? पहिली व सर्वांत अपूर्व गोष्ट म्हणजे त्यांनी अभंगांतून आपले आत्मचरित्र सांगितले. जन्म, लग्न, भाऊबंदकी, भिक्षा, वासरू, मार, ज्वर, देहू, सर्व काही. सतराव्या शतकातील एका स्त्रीने आपल्या आयुष्याची हकीकत एवढ्या सविस्तर व निर्भयपणे पद्यात मांडावी, याला त्या काळच्या मराठी साहित्यात जोड सापडणे कठीण. यातून त्यांच्या मनातील द्वंद्वही लपत नाही. एका अभंगात पतीस देव मानावे, दुसऱ्यात स्त्रीजन्माच्या पराधीनतेबद्दल देवाशीच भांडावे, असे चालते. काही टीकाकारांस ही विसंगती वाटते. आम्हांस वाटते की ही सचोटी आहे. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात होत्या आणि दोन्ही त्यांनी लिहिल्या.

दुसरे म्हणजे वज्रसूची या संस्कृत उपनिषदावरील त्यांची अभंगरचना. ब्राह्मण कोणास म्हणावे, हा त्यातील प्रश्न. देहास म्हणावे काय, जन्मास, वर्णास, पांडित्यास की कर्मास? एकेक पर्याय तपासून तो सोडीत जावयाचे आणि ज्यास ब्रह्माचे ज्ञान झाले तोच ब्राह्मण, या ठिकाणी येऊन थांबावयाचे. हा विषय बहिणाबाईंनीच मराठीत का आणावा, हे मंबाजीचे प्रकरण वाचलेल्यास सांगणे नको. ज्या प्रश्नापायी आपली गाय मार खाते आणि आपले कुटुंब वाळीत पडते, तो प्रश्न कवीस केवळ पोथीतील राहत नाही.

तिसरी रचना तर घरोघरी पोहोचली आहे, मात्र ती कोणाची हे गाणाऱ्यांस पुष्कळदा ठाऊक नसते. वारकरी पंथ ही एक इमारत आहे अशी कल्पना करून तिचा पाया ज्ञानदेवांनी रचिला, पुढे नामदेवांनी व एकनाथांनी ती वाढविली आणि तुकोबा तिचा कळस झाले, असा तो अभंग बहिणाबाईंच्या नावावर आहे. चारशे वर्षांचा धर्मेतिहास इतक्या थोड्या ओळींत सांगणे पंडितास साधले नसते. आळंदीचा पाया आणि देहूचा कळस! आपण ज्या प्रदेशात राहतो त्याचेच हे चित्र आहे.

तुकोबांच्या प्रयाणाची वार्ता कळली तेव्हा बहिणाबाई देहूत नव्हत्या. त्या धावत आल्या आणि अठरा दिवस अन्नावाचून तेथे बसून राहिल्या. पुढे समर्थ रामदासांच्या सहवासातही त्या राहिल्या असे परंपरा सांगते. उत्तरायुष्य शिऊर येथे गेले. ज्या पाठकांच्या गावास त्या नवरी म्हणून गेल्या, ते गाव आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

त्यांची गाथा पुष्कळ काळ हस्तलिखितांतच होती. इ. स. १९१३ मध्ये धोंडो विनायक उमरखाने यांनी ती छापून प्रसिद्ध केली. ती ज्यांच्या हाती पडली त्यांत अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अॅबट हे होते. आयुष्याचा मोठा भाग महाराष्ट्रात घालविलेल्या या मिशनऱ्याने निवृत्तीनंतर मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत आणण्याचे काम हाती घेतले होते. त्यांनी केलेले बहिणाबाईंच्या आत्मचरित्राचे व अभंगांचे भाषांतर इ. स. १९२९ मध्ये पुण्यास प्रसिद्ध झाले आणि कोल्हापूरच्या त्या वासराची कथा समुद्रापार गेली. धर्माने निराळा आणि देशाने परका असा मनुष्य एका मराठी मुलीचे शब्द इतक्या आस्थेने वाचतो, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो. पुढे पाश्चात्त्य विद्यापीठांतून बहिणाबाईंवर जे लिहिले गेले त्याचा मोठा भाग या पुस्तकावर उभा आहे.

आता अखेरची हकीकत. बहिणाबाईंस एक पुत्र झाला होता. त्याचे नाव त्यांनी विठोबा ठेविले. मागील जन्मांचा सोबतीच आपल्या पोटी आला अशी त्यांची श्रद्धा होती. इ. स. १७०० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, आपला अंत जवळ आला असे त्यांस जाणवले. त्या वेळी विठोबा आपल्या पत्नीचे उत्तरकार्य करण्यासाठी बाहेरगावी गेला होता. त्यांनी त्यास पत्र पाठवून बोलावून घेतले. तो आला, अंथरुणाजवळ बसला, आणि आई त्यास कथा सांगू लागली. हा आपला तेरावा जन्म आणि शेवटचा, असे सांगून मागच्या बारा जन्मांचा वृत्तान्त त्यांनी एकेक करून सांगितला. कोणत्या जन्मी कोण होतो, कोठे होतो, काय ऐकले, काय राहून गेले. पुनर्जन्मावर ज्याची श्रद्धा नाही अशा वाचकासही हे प्रकरण वाचताना खिळून राहावे लागते, इतके ते सहज आहे. कोल्हापुरात वासराशेजारी बसून ऐकणारी मुलगी आता सांगत होती आणि मुलगा ऐकत होता. ते सर्व अभंग गाथेत आहेत. सांगणे पुरे झाल्यावर बहिणाबाईंनी देह ठेविला. वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे त्यांची समाधी आहे.